बर्फीचे चार तुकडे

मे महिन्यातली गोष्ट. धाकट्या मामेबहिणीचा साखरपुडा होता, नागपुरात मानेवाड्याकडच्या एका हॉलमधे. बाहेर पंचेचाळीसच्या वर, आत चार मोठाले कूलर घरघरत होते आणि वाळ्याच्या ताट्या नुकत्याच बदललेल्या असल्यामुळे हॉलभर तो ओल्या मातीसारखा, जरा झोप आणणारा वास. मुलाकडची एक मावशी संत्रा बर्फीचा डबा घेऊन एकेकाच्या तोंडात स्वतःच्या हातानं बर्फी कोंबत फिरत होती, "आ करा, आ करा, आता काय लाजता" म्हणत. दादाची पाळी आली, म्हणजे मामाचा मोठा मुलगा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. त्यानं हसतहसत मान मागे घेतली, बर्फी तिच्या हातातून काढून घेतली, तिचे चार तुकडे केले आणि गल्ल्यात नाणं टाकतात तसा एकेक तुकडा बोटानं आत सरकवला. सरकवताना डोळे हसरेच होते. मावशी पुढे गेली, वाजंत्री चालूच होती, कोणाच्या लक्षातही आलं नाही. मी मात्र हातातली आमरसाची वाटी तशीच धरून उभी राहिले.

कारण हाच माणूस एकेकाळी अख्खा गुलाबजाम, तोही पाकातून निथळता, एका घासात गिळायचा आणि वर आम्हाला तोंड उघडून दाखवायचा की बघा, गेला. काटोलकडे मामाची संत्र्याची बाग आहे, उन्हाळ्याच्या सुट्ट्या सगळ्या तिथे जायच्या, आणि आमच्या सगळ्या स्पर्धा खाण्याच्याच असायच्या. कैरी अख्खी चावायची, फोड न सोलता संत्रं संपवायचं, तर्री किती वाट्या प्यायची. त्यात दादा कधी हरला नाही. मग आठवलं की मागच्या दिवाळीत सकाळी पोहे खायला गेलो होतो तेव्हा यानं ठेल्यावाल्याला सांगितलं, "तर्री कमी टाक राजा, वरून वरून." मी म्हटलं काऊन रे, म्हातारा झाला का? तर म्हणे ॲसिडिटी होऊन राह्यली. मी मानलं. तिखट खाल्लं की गालाच्या आतून आग होणं हे सुपारी खाऊन तोंड उघडेनासं होतं त्या आजाराचं अगदी पहिलं लक्षण असतं हे मला माहीत होतं, पुस्तकात वाचलेलं होतं, वर्गात शिकवलेलं पण होतं, आणि तरी समोर बसलेल्या माणसाचं ते मला ॲसिडिटीच वाटलं.

खर्रा. नागपूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटलेला, चौकाचौकातल्या पानठेल्यावर. गुटख्यावर २०१२ साली राज्यात बंदी आली, खर्रा आपला घोटला जातोच आहे. दादा बारावीपासून खातो. सुरुवातीला दोस्तांत, मग बागेत रात्रीच्या पाण्याच्या पाळीला जागायचं म्हणून, मग कशासाठीच नाही. मी एकदा चिडून पन्नी फेकली होती तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुले काय वाटते, मी चवीसाठी खातो का वं?" तेव्हा मला ते उडवाउडवीचं उत्तर वाटलं होतं. त्या ठेल्यापाशी रोज संध्याकाळी सहा-सात जण उभे असतात, पाऊस, कापसाचा भाव, कोणाची पोरगी कुठे दिली, सगळं तिथेच होतं. खर्रा सोड म्हणजे तो चौकोनी फुटभर ठेला सोड, हे मला आत्ता आत्ता कळायला लागलंय.

पण मी सांगत होते बर्फीबद्दल. त्या रात्री घरी आले, झोप लागेना, आणि डोळ्यापुढे यायला लागली वीस वर्षांपूर्वीची एक प्लेट.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी पेशी वाढवायचे. कुत्र्याच्या किडनीतून काढलेल्या, एमडीसीके नावाच्या, जगभरच्या लॅबमधे असतात तशाच. गुलाबी पाण्यासारखं मीडियम, म्हणजे पेशींचं खाणं, सदतीस डिग्रीचा इन्क्युबेटर, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, आणि लाइट जाऊ नये म्हणून देवाचा धावा. या पेशी प्लॅस्टिकच्या तळाला चिकटून पसरतात, कडा एकमेकींना लागतात, सूक्ष्मदर्शकाखाली फरशी बसवल्यासारखं दिसतं. दुसऱ्या भांड्यात न्यायच्या तर ट्रिप्सिन घालायचं, म्हणजे ज्या प्रथिनांनी त्या तळाला धरून असतात ती कापली जातात, मग दोन-चार मिनिटांत त्या गोल होतात, फ्लास्कला हलकेच थापटलं की सुटून तरंगतात. ते बघायला मला फार आवडायचं, साबुदाणा भिजून मोकळा होतो ना तसं. एकदा मी घाईत होते, बसची वेळ झाली होती, आणि सुटलेल्या पेशी मी भलत्याच प्लेटमधे ओतल्या. बॅक्टेरिया वाढवायच्या प्लेटा होत्या त्या. दिसायला तशाच, पारदर्शक, गोल, पण पेशींसाठीच्या प्लेटच्या तळावर एक प्रक्रिया केलेली असते ज्यामुळे तिथे प्रथिनं बसतात आणि त्यांना पेशी धरतात. या प्लेटचा तळ कोरा, निसरडा. सकाळी येऊन बघते तर सगळ्या गोळ्या गोळ्या होऊन तरंगतायत, पृष्ठभाग फुगे आल्यासारखा खडबडीत. निळा रंग घालून मोजलं. मेलेल्या पेशी तो रंग आत घेतात, जिवंत घेत नाहीत. सगळीकडे निळंच निळं. मी वेड्यासारखी कारणं शोधत होते, मीडियम जुनं होतं का, इन्फेक्शन झालं का. मॅडमनी प्लेट उजेडात धरून तिरकी केली, एक थेंब तळावरून घरंगळू दिला, आणि म्हणाल्या, "खायला सगळं दिलंस यांना. धरायला काही दिलं नाहीस."

मला वाटलं होतं त्या टोमणा मारतायत. नंतर समजलं की हे शब्दशः खरं होतं आणि त्याला नाव सुद्धा होतं. १९९४ साली फ्रिश आणि फ्रान्सिस या दोघांनी नेमक्या अशाच पेशींवर दाखवलं होतं की आधारापासून सुटलेली पेशी, अन्न असलं, सगळं असलं तरी, स्वतःहून मरते. त्यांनी ग्रीकमधून शब्द घेतला, ॲनॉइकिस. म्हणजे बेघर होणं.

आता हे कसं घडतं ते सांगायचा मोह मला आवरत नाही, शिकवायची सवय. आपल्या शरीरात पेशी म्हणजे डब्यात भरलेल्या गोट्या नसतात. त्यांच्या भोवती आणि खाली एक विणलेलं जाळं असतं, कोलॅजेनच्या दोऱ्या, लॅमिनिन, फायब्रोनेक्टिन, मधे पाणी धरून ठेवणाऱ्या साखरेच्या साखळ्या. याला मॅट्रिक्स म्हणतात, आणि आम्हाला अकरावीत ते अर्ध्या ओळीत उरकलं होतं, जणू काय पॅकिंगचं गवत. मामाकडे अंगणात नवारीची बाज होती, त्या बाजेची वीण असते ना, तसं डोळ्यापुढे आणा. पेशीच्या आवरणात इंटिग्रिन नावाची प्रथिनं रोवलेली असतात, अर्धी बाहेर, अर्धी आत. बाहेरून ती विणीतला एखादा दोर धरतात आणि धरलं की आतल्या बाजूला काही एन्झाइमांना जागं करतात, एकाचं नाव फॅक, मग तिथून पुढे पीआय-थ्री कायनेज, अ‍ॅक्ट, दुसऱ्या वाटेनं अर्क. निरोप एकच, धरलेलं आहे, सगळं ठीक आहे. हा निरोप एकदा देऊन भागत नाही, सतत चालू ठेवावा लागतो. आमच्या लहानपणी गल्लीत रात्री गुरखा शिट्टी वाजवत फिरायचा, आम्हाला ती शिट्टी कधी ऐकूच यायची नाही, पण ज्या रात्री तो यायचा नाही त्या रात्री आई दोन वाजता दचकून उठून बसायची. पेशीचं अगदी तसं. शिट्टी चालू आहे तोवर अ‍ॅक्ट हा बॅड नावाच्या प्रथिनाला बांधून ठेवतो (बॅड हे नाव मी ठेवलेलं नाही, खरंच आहे), अर्क हा बिम नावाच्या दुसऱ्याला वाढू देत नाही. शिट्टी थांबली की बिम वाढतो, बीसीएल-टूच्या घरातली रखवालदार प्रथिनं कमी पडतात, मायटोकॉन्ड्रियाला भोकं पडतात आणि आतून सायटोक्रोम सी बाहेर येतं. हे तेच सायटोक्रोम जे एरवी श्वसनाच्या कामात इलेक्ट्रॉन वाहून नेत असतं, जगवण्याच्या कामावरचा माणूस. बाहेर आलं की तेच कॅस्पेज नावाच्या कात्र्यांना चालू करतं. १९९६ साली शाओडोंग वांग यांच्या लॅबनं हे दाखवलं तेव्हा बऱ्याच जणांना पटलं नव्हतं म्हणतात, आणि मला अजूनही पूर्ण पचलेलं नाही. मग कात्र्या आतलं सगळं नीट कापतात, डीएनए ठरावीक मापात तुटतो, पेशी आक्रसते, आणि आवरणाच्या आतल्या बाजूचा एक फॉस्फोलिपिड, म्हणजे चरबीचा रेणू, बाहेरच्या बाजूला येतो, मला आता उचला अशी खूण. शेजारच्या पेशी किंवा मॅक्रोफेज नावाच्या सफाईवाल्या पेशी येऊन गिळतात. पू नाही, सूज नाही. भाजलं, ठेचलं की पेशी फुटून शेजारपाजाऱ्यांना त्रास देत मरते तसं इथे काही नाही.

मरायला निराळं काही घडावं लागत नाही, निरोप थांबला की पुरे.

हे जगण्याबद्दल आपण जे धरून चालतो त्याच्या अगदी उलटं आहे. मार्टिन रॅफ नावाच्या लंडनमधल्या शास्त्रज्ञानं १९९२ मधे हे फार थेट मांडलं, की आपल्या बहुतेक पेशींना मरण्याची सोय आतच करून दिलेली असते आणि दुसऱ्या पेशींकडून जग जग असं सांगणं येत राहिलं तरच त्या जगतात. हे वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या गच्चीवर होते, खाली धरमपेठेतली ट्रॅफिक, आणि मला उगाच रडू आलं होतं, घरून चार दिवस फोन आला नव्हता म्हणून. त्या वयात माणूस सगळ्याच गोष्टी स्वतःवर घेतो.

तसं या मरणाचं मूळ नाव आणखी जुनं. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघांनी एक पेपर लिहिला, त्यांना या नीटनेटक्या मरणासाठी शब्द हवा होता, तर ॲबरडीनच्या ग्रीकच्या प्राध्यापकांनी, जेम्स कॉर्मॅक त्यांचं नाव, अपॉप्टोसिस सुचवला. ग्रीकमधे झाडाची पानं किंवा फुलाच्या पाकळ्या गळणं. मी हा शब्द शिकवते तेव्हा खिडकीबाहेर कडुलिंब असतो. मार्चमधे नागपुरात कडुलिंब असे काही झडतात की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी पुन्हा पिवळं, आणि त्याच फांद्यांना तांबूस कोवळी पालवी पण तेव्हाच. पोरांना उदाहरण आवडतं. फक्त मी त्यांना एक सांगत नाही, कारण पेपरात येत नाही. पान गळतं त्यात खरं म्हणजे ही पेशींची आत्महत्या मुख्य नसतेच. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो, त्या जिवंत असतात, आणि त्या दोन पेशींना जोडणारी खळ विरघळवणारी एन्झाइमं सोडतात. मरण्याआधी मधलं धरून ठेवणारं विरतं. ग्रीकच्या सरांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं, पण शब्द असा काही बसला की मॅट्रिक्सची गोष्ट त्यात आधीच लपलेली होती.

आणि हे मला पुस्तकानं नाही, मामानं शिकवलं. फळगळ हा शब्द आमच्या घरात इतका यायचा की लहानपणी मला वाटायचं फळगळ ही कोणीतरी बाई आहे, दरवर्षी येते आणि नुकसान करून जाते. "यंदा फळगळ लई आहे." आंबिया बहाराची संत्री जानेवारी-फेब्रुवारीत फुलतात, दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतात, आणि मधल्या पावसाळ्यात झाडाखाली हिरवी, अर्धी पिवळी फळं पडलेली. मामा सकाळी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बागेत फिरायचा आणि पडलेलं फळ उचलून देठ बघायचा. देठ फळाला आहे का झाडाला राहिला, त्यावरून त्याला काहीतरी कळायचं. फळ स्वतः ऑक्सिन नावाचं संप्रेरक देठाकडे पाठवत असतं, ते येत आहे तोवर देठाचा तो थर गप्प बसतो. फळाला बुरशी लागली, पतंगानं रस शोषला, मुळाशी पाणी साचलं, की ऑक्सिन कमी आणि फळ गळवणाऱ्या इथिलीन वायूला वाव. थर विरघळतो. मग उपाय काय, तर बाहेरून खोटा निरोप द्यायचा. टू-फोर-डी, म्हणजे कृत्रिम ऑक्सिन, शंभर लिटर पाण्यात दीड ग्रॅम. दीड ग्रॅम! मामा सोनाराच्या काट्यासारखा काटा ठेवायचा त्यासाठी. हेच औषध जास्त झालं की तणनाशक, आणि वारा फिरून शेजारच्या कापसावर गेलं की कपाशीची पानं बारीक बोटांसारखी होऊन बसतात, त्यावरून दोन घरं दोन वर्षं बोलत नव्हती. झाडाला वाटतं फळ अजून निरोप पाठवतंय. आणि फळ टिकतं. ही फसवणूक मला तेव्हापासून फार आवडते.

सोडणं ही पण शरीराची गरज असते हे मात्र मान्य करायला मला वेळ लागला. पहिल्या पावसानंतर बागेतल्या डबक्यात बेडकाची शेपटीवाली पिल्लं यायची, आम्ही ती लोणच्याच्या बरणीत ठेवायचो, आणि एक दिवस शेपटी आखूड, मग नाहीच. दादा म्हणायचा तोडली त्यानं, खाल्ली. खरं तर थायरॉइडच्या संप्रेरकानं शेपटीतल्या पेशींना जायला सांगितलेलं असतं आणि त्याच वेळी शेपटीचं कोलॅजेन कापणारी एन्झाइमं बाहेर पडतात. १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर यांना प्राण्यांमधलं पहिलं कोलॅजिनेज सापडलं ते बेडकाच्या पिल्लाच्या याच शेपटीत. आपल्या हाताची बोटं पोटात असताना पडद्यानं जोडलेली असतात, मधल्या पेशी मरतात म्हणून बोटं सुटी होतात. बाळाचं दूध तुटलं की आईच्या छातीतल्या दूध करणाऱ्या पेशींचं तळाचं आवरण कापलं जातं आणि त्या पेशी जातात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी तर चार-पाच दिवसांत टोकाला पोचून सुटून पडतात, आत्ता हे वाचताना सुद्धा. सी एलेगन्स या मिलिमीटरभर किड्याच्या अंगात १०९० पेशी बनतात त्यातल्या बरोब्बर १३१ मरतात, दरवेळी त्याच, आणि हे शोधून काढणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सुल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. तेव्हा मी त्या प्लेटमधल्या निळ्या पेशींबद्दल वाईट वाटून घेत होते ते चूकच होतं. सुटलेली पेशी जर मेली नाही, उगाच दुसरीकडे जाऊन चिकटली आणि वाढली, तर तेच खरं संकट. कॅन्सरच्या पेशींना नेमकं हेच जमलेलं असतं. घर सुटलं तरी त्यांना शिट्टी ऐकू येत राहते, कारण ती त्या आतल्या आत स्वतःच वाजवत असतात.

माझ्या आईला हे सगळं एकदा समजावलं तर ती म्हणाली, मग आमच्या पुण्या-बंगलोरला गेलेल्या पोरांचं काय? मला उत्तर आलं नाही. अशा उपमा फार ताणू नयेत, फाटतात.

आता बर्फीकडे येते, कारण मला जे खुपत होतं ते इथे आहे. इतका वेळ मी म्हणत होते की धरायला मिळालं नाही तर पेशी मरते. दादाच्या गालात उलटं होतंय. तिथे धरायला फार झालंय. सुपारीतल्या अरेकोलीननं गालातल्या तंतू बनवणाऱ्या पेशी जास्त कोलॅजेन विणतात, सुपारीत तांबं असतं, त्यानं लायसिल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम जोरात चालतं, आणि ते एन्झाइम एका दोरीला दुसऱ्या दोरीशी गाठ मारतं. गाठीवर गाठ. वर हे कोलॅजेन कापणारी एन्झाइमं मंदावतात. बाजेची वीण इतकी आवळली जाते की ती बाज राहत नाही, फळी होते. डॉक्टर गालाच्या आत बोट फिरवतात तेव्हा उभे ताठ पट्टे हाताला लागतात. १९५२ साली पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात हे पहिल्यांदा नोंदवलं गेलं, आपल्याकडे पुढच्याच वर्षी जोशी नावाच्या डॉक्टरांनी त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हटलं. तंबाखू काढली, नुसती सुपारी ठेवली तरी होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ साली नुसत्या सुपारीला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, तंबाखूच्याच रांगेत. आणि घट्ट जाळ्याचा पेशीवर काय परिणाम होतो याबद्दल जे माहीत आहे ते मला त्या रात्री झोपू देईना. १९९७ साली चेन, इंगबर वगैरे मंडळींनी पेशींना बसायला सूक्ष्म बेटं छापली होती, लहान बेटावर कोंडलेली पेशी मरायची, तेवढीच जागा पण ठिपक्या ठिपक्यांत पसरून दिली की जगायची, म्हणजे किती धरलं यापेक्षा अंग किती ताणून बसता आलं याला जास्त किंमत. आणि २००९ साली व्हॅलरी वीव्हर यांच्या गटानं उंदरांच्या स्तनग्रंथीत दाखवलं की लायसिल ऑक्सिडेजच्या गाठींनी जाळं कडक झालं की इंटिग्रिन जास्त झुंडीनं जमतात, आतला तो जग जग निरोप नको तितका मोठा होतो, आणि कॅन्सर पुढे सरकतो. एन्झाइमांचं घराणं तेच. गालात हुबेहूब असंच घडतं असं मी म्हणत नाही, तोंडाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, वरचं अस्तर तर उलट पातळ पडतं. आणि सगळ्यांच्या गालात पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण काहींच्या होतो.

हे सगळं मला पाठ आहे. वर्गात फळ्यावर इंटिग्रिनचं चित्र मी डोळे मिटून काढू शकते. आणि साखरपुड्याच्या त्या हॉलमधे मी दादाजवळ जाऊन काय म्हणाले, तर "आमरस घे ना, तो तर पिता येतो." घाणेरडं बोलले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, एक क्षण, आणि वाटी घेतली.

जूनमधे काही कारणानं बोलणं झालं तेव्हा मी गमतीत म्हटलं, दादा, तोंडात तीन बोटं उभी जातात का बघ बरं, आम्ही पोरांना करायला लावतो. सुदृढ माणसाच्या दातांमधे स्वतःची तीन बोटं उभी बसतात, ढोबळ माप आहे पण डॉक्टर वापरतात. तो हसला, "काऊन वं, डॉक्टरीण झाली का?" विषय बदलला, मृग लागून आठ दिवस झाले पण पाऊस नाही वगैरे. मग जुलैत मी काटोलला गेले. वहिनी पोळ्या करत होती. माझ्या ताटात पोळी चौघडी घालून, दादाच्या ताटात पोळीच्या आधीच अर्ध्या अर्ध्या इंचाच्या पट्ट्या केलेल्या, भाजीची फोड पण लहान, पेरूच्या फोडी तर नखाएवढ्या. मी बघतेय हे तिनं बघितलं. "दोन वर्षं झाली," एवढंच म्हणाली आणि तव्यावरची पोळी उलटली. तिला लायसिल ऑक्सिडेज माहीत नाही. तिला विळी माहीत आहे.

जेवण झाल्यावर दादा मला बागेत घेऊन गेला. ओल्या गवतात फळं पडलेली होती, जास्त नाही, झाडामागे पाच-सहा. तो मामासारखाच वाकून एकेक उचलत होता, देठ बघत होता आणि पिशवीत टाकत होता, पडलेलं बागेत राहू दिलं की बुरशी पसरते म्हणून. खिशाला पन्नीचा चौकोनी फुगवटा होता. मी मनात वाक्यं जुळवत होते, सवय सोडणं हा पहिला उपाय, मग गालात इंजेक्शनं देतात, त्यात जाळ्यातला चिकटपणा विरघळवणारं एन्झाइम असतं, मग तोंडाचे व्यायाम, आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक वाढवत जायच्या, झालेलं सगळं परत येत नाही पण थांबू शकतं. एकही वाक्य बाहेर आलं नाही. तो म्हणाला, "बाबा म्हणे, फळ पडते तेव्हा समजते, पण सुटायले लागते त्याच्या लई आधी." आणि पुढच्या झाडाकडे गेला. मला म्हणाला का संत्र्याबद्दल म्हणाला, कोण जाणे.

ऑगस्टमधे एका रात्री साडेअकराला फोन वाजला. दादाचा मेसेज.

"दोन जातात. तिसरं अडते."

मी बराच वेळ टाइप करून पुसत राहिले. आधी मोठं काहीतरी लिहिलं, सगळं समजावून, मग पुसलं. मग "घाबरू नको" लिहिलं, तेही पुसलं. अंधारात स्वतःच्या तोंडात तीन बोटं घालून बघितली, का ते माहीत नाही. शेवटी लिहिलं, "उद्या दाखवून येऊ. मी येते सोबत."

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला दहा मिनिटं लागली.

"सकाळी फवारणी आहे टू-फोर-डीची. वारा उठायच्या आत करा लागते. दहा वाजता निघतो इथून, तू बसस्टँडवर थांब."